पोलिसांची क्यूआरटी, स्वॅट, कमांडो टीम: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगाव तालुक्यात भरतीच्या पोरापोरींची ग्राउंडची तयारी करून घेतो, त्यामुळं हे प्रश्न रोजच कानावर येतात, कधी पोरांकडून, कधी त्यांच्या आई-बाबांकडून, आणि शहरात बंदोबस्त लागला की गल्लीतल्या लोकांकडून. केएसआरपी आणि डीएआर या पोलिसांच्या सशस्त्र दलांत लागलेली आमची पोरं सुट्टीला आली की ग्राउंडवर चक्कर मारतातच, त्यांच्याशी बोलून आणि कायद्याची कलमं वाचून जे पक्कं कळलंय तेवढं इथं एका जागी लिहून ठेवतोय. टीम कुठं थांबते, किती जण असतात, असलं काही इथं मिळणार नाही आणि ते कुणाला विचारूही नका, त्या पोरांच्या जिवाचा प्रश्न असतो.

टॅक्टिकल टीम म्हणजे नक्की काय?

साध्या भाषेत, नेहमीच्या स्टेशनच्या पोलिसांना जे झेपण्यासारखं नाही अशा वेळी बोलवायची खास शिकवलेली छोटी तुकडी. कुणीतरी हत्यार घेऊन घरात कोंडून बसलाय, कुणाला ओलीस धरलंय, किंवा ज्याच्याकडं बंदूक असल्याची पक्की खबर आहे त्याला धरायला जायचंय, असल्या कामाला. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी अशी टीम केली आणि तिचं स्वॅट हे नाव जगभर पसरलं, आपल्याकडं क्यूआरटी म्हणजे क्विक रिस्पॉन्स टीम हे नाव जास्त चालतं आणि कर्नाटकात डी-स्वॅट हेही ऐकायला मिळतं. लोक मात्र सरसकट सगळ्यांना कमांडोच म्हणतात, काळा ड्रेस दिसला की कमांडो.

केएसआरपी, डीएआर, सीएआर, गरुड, एएनएफ, कोब्रा, एनएसजी हे सगळं एकच का हो?

नाही, आणि हा घोळ मुलाखतीत पण पोरांचा होतो म्हणून नीट वाचा.

डीएआर म्हणजे जिल्ह्याचं सशस्त्र राखीव दल, एसपींच्या हाताखाली. सीएआर तसंच पण शहराचं, कमिशनरांच्या हाताखाली. बेळगावला शहर कमिशनर वेगळे आणि जिल्ह्याचे एसपी वेगळे असल्यामुळं आपल्याकडं दोन्ही आहेत. कैद्यांना कोर्टात नेणं, गार्ड ड्युटी, व्हीआयपी बंदोबस्त ही यांची रोजची कामं, आणि जिल्ह्याच्या क्यूआरटीला माणसं बहुतेक इथूनच निवडतात. केएसआरपी हे राज्याचं राखीव दल, त्याची दुसरी बटालियन आपल्या मच्छेला आहे, आणि जिथं गरज तिथं त्यांच्या तुकड्या जातात, आज निपाणी तर उद्या मंगळूर.

गरुड ही कर्नाटकची खास कमांडो फोर्स, २६/११ नंतर उभी केलेली, मुक्काम बेंगळूरला, काम दहशतवादी हल्ला आणि ओलीस प्रकरण. एएनएफ म्हणजे नक्षलविरोधी दल, त्याचं केंद्र उडुपी जिल्ह्यातल्या कार्कळला. कोब्रा राज्याची नाहीच, ती सीआरपीएफची जंगलातली लढाई लढणारी तुकडी. एनएसजी केंद्राची, १९८४ मध्ये सुरू झाली, मुख्य तळ हरियाणात मानेसरला. पलीकडं महाराष्ट्रात मुंबईला फोर्स वन आणि गडचिरोलीला सी-६० आहे, कोल्हापूरकडचे पाहुणे त्यांची नावं सांगतात तेव्हा ती वेगळ्या राज्याची आहेत हे ध्यानात ठेवा.

एवढी मोठी एनएसजी असताना जिल्ह्याला वेगळी टीम कशाला पाहिजे?

कारण पहिला तास एनएसजीचा नसतो, लोकल पोलिसांचाच असतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला रात्री मुंबईत हल्ला सुरू झाला आणि एनएसजीचे जवान दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचले. तोवर रात्रभर कोण होतं? मुंबईचे पोलीस. गिरगाव चौपाटीला कसाबला जिवंत पकडलं ते तुकाराम ओंबळेंनी, साताऱ्याकडच्या केडंब्याचा माणूस, हातात फक्त लाठी होती आणि समोरच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली म्हणून बाकीच्यांना त्याला पकडता आलं. त्यांना अशोक चक्र मिळालं. मी हे ग्राउंडवर दरवर्षी सांगतो आणि सांगताना आजही गळा दाटतो, पण त्याबरोबर दुसरी गोष्टही सांगतो, की असल्या माणसाच्या हातात नुसती लाठी असायला नको होती, अंगात चांगलं जॅकेट आणि पाठीशी शिकलेली टीम पाहिजे होती. त्यानंतर एनएसजीचे हब मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकात्याला झाले, राज्यांनी स्वतःच्या फोर्स काढल्या. तरी बेळगावचं बघा, बेंगळूर पाचशे किलोमीटर लांब, मुंबई पण तेवढीच. कुणीही कितीही पटकन निघालं तरी पोचेपर्यंत जे काय सांभाळायचं ते इथल्याच पोरांना सांभाळायचंय.

टीमला कधी बोलवतात?

वर लिहिलंय तसं ओलीस, कोंडून बसलेला हत्यारबंद माणूस, धोकादायक आरोपीची अटक. शिवाय मोठ्या व्हीआयपीचा दौरा, आणि आपल्याकडं हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये डिसेंबरच्या सुमारास विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा राखीव म्हणून तयार ठेवतात. वर्षातले बहुतेक दिवस टीम कुठंच जात नाही, सराव करते आणि वाट बघते. पोरांना हे ऐकून निराश व्हायला होतं पण काम असंच आहे.

१ नोव्हेंबरला (कर्नाटकचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन) आणि मराठी लोकांच्या महामेळाव्याला हेल्मेट-शिल्ड घेऊन उभे असतात ते हेच का?

नाही. ते बंदोबस्ताचे पोलीस, बहुतेक केएसआरपी, डीएआर किंवा सीएआर. गर्दी सांभाळणं हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचं साहित्यही वेगळं, लाठी, ढाल, अश्रुधूर. काळ्या दिनाची फेरी असो, राज्योत्सवाची मिरवणूक असो, शिवजयंतीचे चित्ररथ असोत नाहीतर कपिलेश्वर तलावावर दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारं गणपती विसर्जन, तिथं टॅक्टिकल टीम पुढं आणायची नसते. आणलीच तर मागं, कुणाला दिसणार नाही अशी.

हे मी जरा ठासून लिहितोय कारण आपल्या भागात गर्दी आणि पोलिसांची बंदूक समोरासमोर आली की काय होतं हे लोकांनी भोगलंय. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर १ जूनला आजही लोक जमतात. मी कुणाची बाजू घेऊन बोलत नाहीय, आमच्या ग्राउंडवर मराठी आणि कन्नड दोन्ही घरची पोरं पळतात आणि दोन्ही पुढं जाऊन त्याच खाकीत उभी राहणार आहेत. म्हणून तर वाटतं की ज्याच्या हातात हत्यार द्यायचं त्याला ते कधी उचलायचं नाही हे आधी शिकवलं पाहिजे.

टीम पोचल्यावर लगेच आत का घुसत नाही? पिक्चरमध्ये तर...

पिक्चर सोडा.

पोचल्यावर पहिलं काम वेढा. आतला एक वेढा, ज्यातून तो माणूस बाहेर निसटू नये आणि बाहेरची गोळी-दगड आत जाऊ नये, आणि बाहेरचा एक मोठा वेढा, ज्यातून बघे लोक, गाड्या, चॅनेलवाले लांब राहावेत. मग आसपासची घरं हळूच रिकामी करतात. मग माहिती: आत कोण, किती, लहान मुलं आहेत का, त्याच्याकडं काय आहे, पिलाय का, घरात गॅस सिलिंडर कुठं ठेवलाय, मागचं दार परसात उघडतं की बोळात. आपल्याकडच्या जुन्या गल्ल्यांत, शहापूर, अनगोळ, वडगावला वगैरे, घराला घर लागून असतं, माळ्यावरून शेजारच्या माळ्यावर जाता येतं, कौलं काढली की वरून उतरता येतं, आणि हे नकाशात कुठंच नसतं, ते शेजारच्या आजींना माहिती असतं. म्हणून चांगला टीम लीडर आधी शेजाऱ्यांशी बोलतो.

हे सगळं झाल्यावर सुद्धा घाई नाही. आतला माणूस कुणाला मारत नसेल तर वेळ हा पोलिसांच्या बाजूनं असतो. त्याला झोप येते, भूक लागते, राग उतरतो, दारू उतरते. तासनतास बाहेर बसून राहणं हे घुसण्यापेक्षा अवघड काम आहे आणि त्यालाच खरं ट्रेनिंग लागतं, कारण बाहेर गर्दी ओरडत असते की काय बघत बसलाय, मोठ्या साहेबांचे फोन येत असतात, आणि तरीही तिथं शांत बसायचं असतं. आत जीव जायला लागलेत असं कळलं तर मात्र सगळं उलटं, मग थांबायचं नाही, अर्धी तयारी असली तरी जायचं. हा फरक ओळखणं हे लीडरचं काम, बाकी सगळं त्याच्यानंतर येतं.

आतल्या माणसाशी कोण बोलतं? मराठीत बोलतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो फार कमी लोक विचारतात.

बोलणारा अधिकारी वेगळा असतो, म्हणजे असायला पाहिजे, आणि त्याच्या हातात निर्णय नसतो. असं मुद्दाम करतात. आतला माणूस गाडी मागतो, पैसे मागतो, तेव्हा बोलणारा खरं सांगू शकतो की दादा, माझ्या हातात नाही, साहेबांना विचारून सांगतो, आणि त्यात वेळ जातो, आणि वेळच तर पाहिजे असतो. खोटं आश्वासन द्यायचं नाही, धमकी द्यायची नाही, वाद घालायचा नाही, त्याचं नाव घेऊन बोलायचं, ऐकून घ्यायचं. घरच्यांना फोनवर देणं मात्र जपून, लोकांना वाटतं बायकोला बोलवा, आईला बोलवा म्हणजे ऐकेल, पण बऱ्याच वेळा भांडण त्याच माणसाशी असतं आणि तिचा आवाज ऐकून तो जास्त भडकतो.

आता भाषा. बेळगाव शहरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, आणि खानापूर-कणकुंबीकडं कोकणीच्या जवळची बोली. घाबरलेला, चिडलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. त्याला त्याच भाषेत 'अरे बाळा, जेवलास काय तू?' असं कुणीतरी विचारलं तर त्याचा जो परिणाम होतो तो माइकवरून ऑर्डर देऊन होत नाही. म्हणून आमच्या मराठी पोरांनी फोर्समध्ये गेलं पाहिजे आणि कन्नड पक्कं शिकलं पाहिजे, आणि बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांनी चार वाक्यं तरी मराठी शिकावी. दोन्ही भाषा येणारा साधा हवालदार त्या क्षणी सगळ्यात मोठा माणूस असतो. भाषेवरून आपल्याकडं बसच्या काचा फुटतात, २०२२ च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, हे सगळं आपण बघितलंय. तीच भाषा एखाद्याचा जीव वाचवू शकते, तर ती नीट शिकून घ्यायला काय हरकत आहे?

टीममध्ये कोण कोण असतं?

लीडर. ढाल धरणारा, जो सगळ्यात पुढं आणि ज्याचे दोन्ही हात जवळजवळ अडकलेले असतात. दार उघडणारा, घण किंवा पहार किंवा रॅम घेऊन. मागून कव्हर देणारे. लांबून दुर्बिणीतून बघणारा, ज्याला लोक स्नायपर म्हणतात पण ज्याचं निम्म्याहून जास्त काम बघून रेडिओवर सांगणं हेच असतं. आणि प्रथमोपचार येणारा एक जण, रक्त थांबवायचा टूर्निकेट पट्टा कसा आवळायचा हे खरं तर सगळ्यांनाच यायला पाहिजे. सोबत गरजेप्रमाणं बॉम्बशोधक पथक आणि श्वानपथक.

ट्रेनिंगमध्ये नक्की काय करून घेतात?

आधी बेसिक, ते सगळ्यांना. कर्नाटक पोलिसांची ट्रेनिंग स्कूल आपल्या खानापूरला आहे, केएसआरपीची कंग्राळीला. तिथं पीटी, परेड, कायदा, हत्यार. तिथून पास होऊन काही वर्षं ड्युटी केल्यावर, तब्येत, रेकॉर्ड, स्वभाव बघून निवड होते आणि मग टॅक्टिकल कोर्स.

फिटनेस तर आहेच. लष्कराच्या बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या टेस्टसारखं, म्हणजे ५ किलोमीटर पळणं, दोरावर चढणं, ९ फुटी खड्डा ओलांडणं, तेही बूट-हत्यारासकट. टॉवरवरून दोराने उतरणं, अडथळ्यांचा कोर्स, रात्रीचा मार्च. पण हे पार पाडणारी पोरं भरपूर मिळतात, गाळली जातात ती पुढच्या टप्प्यात.

पुढचा टप्पा खोलीचा. मैदानात फक्कीने, म्हणजे चुन्याने, घराचा नकाशा आखतात, इथं दार, इथं खिडकी, इथं स्वयंपाकघर, आणि रिकाम्या हाताने, नुसतं बोट पुढं करून, चालत चालत त्यात शिरायचं. पहिला आत गेला की डावीकडचा कोपरा त्याचा, दुसऱ्याचा उजवा, तिसरा मधे बघणार, चौथा पाठ सांभाळणार. दारात थांबायचं नाही, दार ही सगळ्यात वाईट जागा, मागं उजेड असतो आणि आतल्याला तुम्ही चौकटीत फोटोसारखे दिसता. कोपऱ्याला एकदम डोकं काढायचं नाही, थोडं थोडं सरकत बघत जायचं. हे दिवसभर चालतं, शेकडो वेळा, मग हत्यार रिकामं घेऊन, मग अंधारात, मग आत माणसं बसवून त्यातल्या एकाच्या हातात मोबाईल आणि एकाच्या हातात नकली पिस्तूल देऊन. मोबाईलवाल्यावर निशाणा लावला की उस्ताद, म्हणजे शिकवणारा, पूर्ण टीमला बाहेर काढतो आणि पहिल्यापासून. पोरं सांगतात की शरीर दमत नाही एवढं डोकं दमतं.

फायरिंग खूप असतं ना?

असतं, पण त्याच्या दहापट ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीशिवाय. मॅगझीन काढ, चेंबर बघ, बोटाने चाचप, मगच रिकामं म्हण. रायफलच्या नळीवर पुढं एक नाणं ठेवतात आणि ट्रिगर दाबायचा, नाणं पडलं नाही पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, म्हणजे खरं हत्यार नव्हे हो, एखादी काठी धरून बघा, श्वास घेतला तरी नाणं हलतं. उस्ताद शेजारी उकिडवा बसून नाण्याकडं बघत असतो, आणि पडलं की काहीच बोलत नाही, उचलतो आणि परत ठेवतो. महिनोन् महिने हे केल्यावर बोट ट्रिगरला झटका न देता सावकाश दाबायला शिकतं, आणि लोकांच्या सुरक्षेचा सगळ्यात मोठा भाग तोच आहे.

बुलेटप्रूफ जॅकेट घातलं की काही होत नाही?

होतं. जॅकेट छाती-पोट झाकतं, मान, काख, मांड्या उघड्याच. शिवाय सगळी जॅकेटं सगळ्या गोळ्या अडवत नाहीत, भारतात आयएस १७०५१ हे २०१८ चं मानक आहे आणि त्यात कुठल्या गोळीला कुठली लेव्हल ते ठरलेलं आहे, पिस्तुलाची गोळी अडवणारं जॅकेट रायफलच्या गोळीला पुरेलच असं नाही. आणि वजन, मे महिन्याच्या उन्हात अथणी-रायबागकडं ते घालून उभं राहणं म्हणजे काय ते घालणाऱ्यालाच कळतं.

पोलीस गोळी कधी मारू शकतात?

नव्या कायद्याची कलमं सांगतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली. बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम ४३ म्हणतं की अटकेला विरोध केला तर लागतील ते उपाय करता येतात, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याचा जीव घ्यायचा अधिकार या कलमानं मिळत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायचा अधिकार वेगळा, तो सगळ्या नागरिकांना असतो तसाच पोलिसांना. जमाव पांगवायचा असेल तर कलम १४८, आधी हुकूम द्यायचा, मग बळ, आणि तो हुकूम मॅजिस्ट्रेट किंवा ठाणे अंमलदार, ते नसतील तर किमान पीएसआय दर्जाचा अधिकारी देऊ शकतो.

आणि चकमकीत कुणी मेलं तर सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात १६ सूचना घालून दिल्यात. एफआयआर पाहिजेच, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या टीमनं करायचा, मॅजिस्ट्रेट चौकशी पाहिजे, मानवाधिकार आयोगाला कळवायचं, आणि लगेच शौर्यपदक किंवा प्रमोशन नाही. गंभीर जखमीच्या प्रकरणांतही शक्य तेवढं हेच पाळायचं.

मग पायावर का नाही मारत?

पेपरात 'पायावर गोळी झाडून अटक' असं वाचून हा प्रश्न येतो. जमावावर गोळीबार करायची वेळ आलीच तर कमरेखाली नेम धरायला शिकवतात. पण समोरचा माणूस त्याच क्षणी कुणाच्या मानेवर सुरी चालवतोय, तेव्हा हलणाऱ्या पायावर नेम लागत नाही, चुकलेली गोळी फरशीवरून उसळून ओलिसाला लागू शकते, आणि पायाला लागली तरी हात चालूच राहतो. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, म्हणजे पायावर मारलं की सुरक्षित हा समजही खरा नाही. म्हणून गोळी मारायची म्हणजे जीव जाऊ शकतो हे धरूनच मारायची, आणि तसं असेल तरच.

दार मोडून घरात येऊ शकतात का?

कलम ४४ प्रमाणं, आरोपी आत असल्याची खात्री असेल आणि सांगूनही दार उघडलं नाही तर येऊ शकतात. आत पडद्यात राहणारी बाई असेल तर तिला आधी बाहेर पडायची संधी द्यायची. झडतीचं व्हिडिओ शूटिंग कलम १०५ मुळं आता करावंच लागतं. चुकीच्या घरात घुसले असं वाटत असेल तर त्या वेळी अडवू नका, हात दिसतील असे ठेवा, आणि नंतर लेखी तक्रार द्या, एसपी किंवा कमिशनर ऑफिसला, पोच घेऊन.

आरोपी चंदगडकडं किंवा गोव्याला पळाला तर?

बाचीच्या पुढं शिनोळी लागली की महाराष्ट्र, कोगनोळीच्या पुढं कागल, चोर्ला उतरलं की गोवा. लोकांना वाटतं सीमा ओलांडली की कर्नाटकचे पोलीस थांबले. तसं नाही, कलम ४५ मध्ये भारतात कुठंही पाठलाग करून अटक करता येते. पण दुसऱ्या राज्यात जाऊन घराला वेढा घालायचा असेल तर तिथल्या पोलिसांना सोबत घेतात, नाहीतर अंधारात दोन हत्यारबंद टीम एकमेकींना ओळखणार नाहीत आणि अनर्थ होईल. दोन्हीकडचे पोलीस निवडणुकीत आणि सणांच्या आधी बैठका घेतात त्यात हे पण असतं. सीमाभाग कुणाचा हा दोन राज्यांमधला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे, चोर पकडताना दोन्हीकडचे हवालदार एकमेकांना फोन लावतात आणि कामं होतात.

मुली जाऊ शकतात का?

हो. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या ३६ मुलींची पूर्ण स्वॅट टीम उभी केली. आणि गरज तर आहेच, ओलीस बाई असेल, झडती बाईची असेल, बोलायला बाईच पाहिजे असेल. येळ्ळूर, उचगावच्या ज्या पोरी शेतात भाताची पोती उचलतात त्यांना दोर चढायला शिकवावं लागत नाही, फक्त घरच्यांनी पाठवलं पाहिजे.

मला जायचंय, सुरुवात कुठून?

थेट कमांडो म्हणून भरती नाही, आधी पोलीस व्हायचं. आर्म्ड कॉन्स्टेबल (सीएआर, डीएआर) किंवा केएसआरपीला दहावी पास, सिव्हिलला, म्हणजे ठाण्याच्या नेहमीच्या पोलिसांना, बारावी. कर्नाटकच्या मागच्या भरत्यांमध्ये मुलांना उंची १६८ सेंटीमीटर, मुलींना १५७, मुलांचं पळणं १६०० मीटर साडेसहा मिनिटांत, मुलींचं ४०० मीटर दोन मिनिटांत, शिवाय उडी आणि गोळाफेक. वयाची अट आणि सवलती मात्र त्या वेळची जाहिरात बघूनच पक्क्या करा.

लेखी परीक्षेचा पेपर कन्नड आणि इंग्रजीत येतो. मराठी मीडियमची पोरं ग्राउंड मारतात आणि इथं अडकतात, हे दरवर्षी बघून जीव तुटतो. तेव्हा आजपासून कन्नड वर्तमानपत्र वाचायला घ्या, शेजारच्या कन्नड मित्राशी रोज अर्धा तास बोला, लाज धरू नका. भरती लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका.

आपल्या भागात कमांडो ट्रेनिंग कुठं चालतं? बघायला मिळतं का?

बेळगावला लष्कराचा प्रसिद्ध कमांडो कोर्स आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आणि खानापूर तालुक्यात तोराळीला कोब्राचं जंगल युद्धाचं स्कूल. पण बघायला जायचं नाही. जंगलाकडं गुरं चारायला, लाकडं आणायला जाणाऱ्यांनी फायरिंगचे लाल बावटे दिसले की मागं फिरायचं, आणि रानात लोखंडी काही पडलेलं सापडलं तर हात लावायचा नाही, पोरांना पण शिकवा, ११२ ला फोन करा.

घरच्यांनी काय समजून घ्यावं?

फोन लागणार नाही, कुठं गेलाय ते सांगणार नाही, सणाला तर नाहीच येणार, कारण सण म्हणजेच बंदोबस्त. गुडघे आणि कंबर लवकर कुरकुरतात. आणि एखाद्या कामानंतर पोरगं गप्प गप्प राहायला लागलं, झोपत नसेल, चिडत असेल, दारू वाढली असेल, तर 'मर्द आहेस की' असं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडं न्या. ज्यानं रक्त बघितलंय त्याला ते रात्री परत दिसतं, यात भित्रेपणा काही नाही.

गल्लीत ऑपरेशन चालू असेल तर आम्ही काय करायचं?

घरात राहा, खिडकीपासून लांब, जमलं तर दोन भिंतींच्या आड. गच्चीवर चढू नका. व्हिडिओ काढून लगेच टाकू नका, आतल्या माणसाच्या हातात पण मोबाईल असतो आणि टीम कुठल्या बाजूनं येतेय ते त्याला तुमच्याच स्टेटसवर दिसतं. २६/११ ला टीव्हीवर जे थेट दाखवलं त्यावर सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या निकालात कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि २०१५ पासून चॅनेलना अतिरेकीविरोधी कारवाई थेट दाखवायला बंदी आहे. आपण चॅनेल नसलो तरी तेच लागू समजा. तुम्हाला घराची, मागच्या वाटेची, आतल्या माणसांची माहिती असेल तर वेढ्यावरच्या पोलिसाला नक्की सांगा, मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, जमेल तसं सांगा.

आणि आपणच आत अडकलो तर?

धाडस करू नका, त्याच्याशी नजर लावून वाद घालू नका, तो सांगेल ते हळू करा, औषध लागत असेल तर शांतपणे मागा. टीम आत आली की मोठा आवाज, डोळे दिपवणारा उजेड, धूर असं एकदम होईल. पळायचं नाही, त्यांच्याकडं धावत पण जायचं नाही. जिथं असाल तिथं जमिनीवर पालथं पडा, हात डोक्याच्या पुढं, पंजे उघडे, हातात मोबाईल सुद्धा नको. ते तुम्हाला पण ओढतील, हात मागं बांधतील, ओरडतील, कारण कोण कोण आहे ते त्यांना अजून कळलेलं नसतं. बाहेर नेऊन नाव विचारतील, नाव आणि गाव सांगा, आणि आत अजून कोण राहिलंय ते सगळ्यात आधी सांगा.